गाईच्या नावाआधी

विनायकरावांना गाता येत नव्हतं, पेटी वाजवता येत नव्हती, आणि शाळेच्या गॅदरिंगमध्ये मिळालेलं भालदाराचं एकुलतं एक वाक्यसुद्धा त्यांनी घाबरून गिळलं होतं. पण प्रेक्षक म्हणून हा माणूस अव्वल. सांगलीत नाटक लागलं की हे हजर. नटानं एखादा शब्द नेमका टाकला की यांच्या तोंडून असा 'वा!' निघायचा की पुढच्या वाक्याला नटाला जोर चढायचा. दौऱ्यावर आलेले नट पडद्याच्या फटीतून बघून घेत, विनायकराव आलेत ना. विनायकरावांना हे माहीत होतं आणि माहीत नसल्यासारखं दाखवायला त्यांना फार आवडायचं.

निवृत्तीनंतर मुलानं, निमिषनं, त्यांना आणि आईला, मालतीबाईंना, सिंगापूरला बोलावून घेतलं. आंग मो किओ या उपनगरातला अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट ऐसपैस होता, सून विभा गुणी होती, मालतीबाईंना खालच्या मार्केटात कढीपत्तासुद्धा मिळत होता. तक्रारीला जागाच नव्हती. पंचाईत एवढीच की इथे 'वा' म्हणायला काही नव्हतं. एकदा विभानं हौसेनं त्यांना पाश्चात्त्य वाद्यवृंदाला नेलं. एका व्हायोलिनवाल्या मुलीनं अशी काही जागा घेतली की यांचा 'वा!' सुटलाच. पुढच्या रांगा वळून बघायला लागल्या.

"बाबा, इथे शेवटी टाळ्या वाजवतात," विभा कानाशी म्हणाली.

"शेवटपर्यंत पोटात ठेवायचं? पोट फुटेल की अशानं!"

त्यानंतर विभानं त्यांना कुठे नेलं नाही.

दोन हजार सहा साली मात्र खुद्द नटीच घरी चालून आली. विभा ज्या कंपनीत अकाउंटंट होती, ती कंपनी एका स्विस चित्रपटाचं इथलं काम बघत होती. दिग्दर्शकाला पश्चिमेची मोठी खिडकी असलेला राहता फ्लॅट हवा होता. विभानं आपला दाखवला, त्याला तो पसंत पडला. निमिष त्या आठवड्यात हाँगकाँगला होता, त्यामुळे घरात विरोध करायला कुणी नव्हतं.

चित्रपटाच्या नायिकेचं नाव होतं उर्सिना कादुफ, वय एकोणऐंशी. "मोठ्या आहेत बाबा त्या. तुम्हीच बघा," म्हणून विभानं ऑफिसातून त्यांच्या जुन्या चित्रपटांच्या डीव्हीडी आणून दिल्या. विनायकराव आठवडाभर टीव्हीसमोरून हलले नाहीत. पंचविशीतल्या उर्सिनाबाई एका काळ्यापांढऱ्या चित्रपटात खाणावळीतल्या पोरीच्या कामात होत्या. मध्यरात्री शिरलेल्या चोरापुढे दुधाचा पेला ठेवायचा आणि पाठ फिरवायची, एवढंच काम. मग कुठे नन, कुठे घरमालकीण, कुठे स्टेशनमास्तरची बायको. पन्नासहून जास्त वर्षं ही बाई सिनेमात दारं उघडत होती. दार उघडायचं, नायकाला आत घ्यायचं आणि बाजूला व्हायचं. आणि तिकडे झुरिकच्या रंगभूमीवर म्हणे त्यांच्या नावावर महिनाभर आधी तिकिटं संपत.

"आणि सिनेमावाल्यांनी दारं उघडायला ठेवलं बाईला!" विनायकराव भडकले. अन्याय जणू त्यांच्या सख्ख्या बहिणीवर झाला होता. ते एकेक प्रसंग मागे नेऊन पुन्हा बघायचे. दोन मिनिटांच्या कामातसुद्धा बाईंनी कुठे पाट्या टाकल्या नव्हत्या.

"अहो, जेवायला या. ती बाई टीव्हीतून कुठे पळून जात नाही," मालतीबाई म्हणायच्या.

या चित्रपटात मात्र बाई पहिल्यांदाच दार उघडणार नव्हत्या. त्या दारातून आत येणार होत्या. डोंगरातल्या खेड्यातली म्हातारी, सिंगापूरला बँकेत नोकरी करणाऱ्या मुलाच्या घरी येते. मुलगा बापाच्या अंत्यविधीला गेलेला नसतो. बाप कसा गेला ते त्याला सांगायला ती एवढ्या लांब आलेली असते. ते सांगणं म्हणजे चित्रपटाचा गाभा, आणि ते उर्सिनाबाईंना एका दमात, एका शॉटमध्ये करायचं होतं, रंगमंचावर करतात तसं. निर्मात्यांना धाकधूक होती. या वयात एवढं पाठांतर टिकेल का? तुकड्यातुकड्यांनी घ्या, चेहरा थोडा दाखवा, बाकी खिडकीबाहेरची दृश्यं टाका, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी हट्टानं एक दुपार मागून घेतली होती. त्या दुपारी जमलं तर जमलं, नाहीतर तुकडे.

हे विभानं सांगितलं तेव्हा विनायकरावांचा घास तसाच राहिला. "तुकडे? छे छे. जमणार त्यांना," ते म्हणाले, जणू त्यांनीच तालीम घेतली होती.

उर्सिनाबाई आल्या. उंच, ताठ, पांढऱ्या केसांची घट्ट गाठ, पायात साध्या चपला. विनायकराव इंग्रजी जुळवूनच बसले होते. नमस्कार केला आणि थेट म्हणाले, "मॅडम, तो दुधाच्या पेल्याचा प्रसंग. पाठ फिरवल्यावर तुम्ही खांदे सैल सोडता ना, तिथेच त्या चोराला माफी मिळते."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "त्या पाठीबद्दल आजवर मला कुणी काही बोललं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, ती कुणाला दिसलीच नाही."

दिग्दर्शक रेटो चाळिशीतला होता आणि सारखी नखं खात होता. त्यानं एसी बंद करवला, पंखे बंद करवले, फ्रिजसुद्धा बंद करवला. घराची भट्टी झाली. मुलाचं काम करणारा नट आपले प्रसंग उरकून मायदेशी परतला होता, म्हणून कॅमेऱ्याच्या बाजूला एका दांडीवर निळी चिकटपट्टी लावली होती. बाईंनी त्या पट्टीलाच मुलगा समजून बोलायचं. विनायकराव आणि मालतीबाईंना स्वयंपाकघराच्या दारात उभं राहायची परवानगी मिळाली, आवाज न करण्याच्या बोलीवर. "बाबा, प्लीज," विभानं हात जोडले.

पहिला टेक सुरू झाला. भाषा जर्मन, पण प्रसंग विभानं विनायकरावांना इतका नीट सांगितला होता की त्यांना शब्द कळायची गरज नव्हती. म्हातारी सांगत होती, बाप आठ दिवस अंथरुणावर होता, दाराकडे बघत होता. मुलाला वाटतं, आता आई म्हणणार की शेवटी त्यांनी तुझं नाव घेतलं. आणि आई म्हणते, नाही, तुझं नाही घेतलं. गाईचं घेतलं. लिसा.

बरोबर तिथे, गाईच्या नावाआधी, बाई अडखळल्या. वाक्य गेलं. दुसऱ्या टेकला खालून एमआरटीची लोकल गाडी धडधडत गेली. तिसऱ्यात पुन्हा तीच जागा, पुन्हा डोळे भिरभिरले. रेटो नुसताच "ओके, ओके" म्हणत होता आणि घड्याळ बघत होता. खिडकीतलं ऊन सरकत चाललं होतं. समोरच्या इमारतीआड सूर्य गेला की खेळ खलास.

चौथ्या टेकला बाई उभ्या राहिल्या आणि विनायकरावांना कळलं, आता काहीतरी होणार. आवाज एकदम खाली उतरला होता. अंथरूण आलं, दार आलं, आठ दिवस आले. ती अवघड जागा आली, आणि बाई तिच्यावरून अलगद पुढे गेल्या. "लिसा," त्या म्हणाल्या, इतक्या सहज, घरातल्या माणसाला हाक मारावी तशा.

"वा!"

घरभर घुमला. बाईंची मान दाराकडे वळली. साउंडवाल्यानं कानावरचे हेडफोन ओढून काढले.

"कट," रेटो म्हणाला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

विनायकराव तोंडावर हात ठेवून उभे होते. कानशिलं तापली होती. मालतीबाईंनी त्यांना दंडाला धरून आत ओढलं. "तोंडाला कुलूप लावा म्हणून मी सकाळपासून घसा कोरडा केला! अहो, ती बाई पन्नास वर्षं या दिवसाची वाट बघत होती, आणि तुम्ही..." बाहेर रेटो विभाला सांगत होता की आता तुकड्यांनीच घेऊ, ऊन संपत आलंय. विभाचा चेहरा विनायकरावांना बघवला नाही. ते बंद फ्रिजकडे तोंड करून उभे राहिले. आयुष्यात दादेनं कुणाचं वाटोळं होईल असं त्यांना कधी स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"तुम्ही काय म्हणालात?" मागून आवाज आला. उर्सिनाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"मॅडम, माझी चूक झाली. मोठी चूक. आमच्याकडे नट चांगलं काही करून गेला की आम्ही तिथल्या तिथे बोलून टाकतो. थांबवत नाही. गाईचं नाव तुम्ही ज्या तऱ्हेनं घेतलंत..."

"आणि नट काय करतो?"

"त्याला जोर चढतो."

बाईंनी मागे वळून त्या दांडीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "नाटकात समोर अंधार असतो, पण त्या अंधारात माणसं असतात. इथे मी दुपारपासून चिकटपट्टीशी बोलतेय. अख्खं आयुष्य सिनेमात चिकटपट्ट्यांशी बोलले. आज पहिल्यांदा कुणीतरी उत्तर दिलं." त्यांनी विनायकरावांचं मनगट धरलं आणि त्यांना बाहेर नेलं. "रेटो, ती पट्टी काढ. हे बसतील तिथे."

"उर्सिना, ऊन..."

"म्हणूनच वाद नको."

विनायकराव स्टुलावर बसले, कॅमेऱ्याचं भिंग कानाला लागेल इतक्या जवळ. बाईंनी बजावलं, "फक्त बघायचं. पण चौथ्या टेकला बघत होतात तसं." विनायकरावांनी मान डोलावली, आणि मान डोलावलेली चालेल का या शंकेनं ती मध्येच थांबवली.

पाचवा टेक. आता ती बाई त्यांच्याशी बोलत होती. त्यांच्या डोळ्यांत बघून सांगत होती, तुझा बाप दाराकडे बघत होता. विनायकरावांना आपण कोण, कुठले, सगळं विसरायला झालं. घामाची धार कानामागून उतरत होती, ती त्यांनी पुसली नाही. अंथरूण आलं, दार आलं, आठ दिवस आले. त्यांनी तुझं नाव नाही घेतलं.

आणि बाई थांबल्या.

कुणी हललं नाही. एक क्षण गेला, दुसरा गेला. रेटोचा हात अर्धा वर आला. विभानं डोळे मिटून घेतले. विनायकरावांच्या मनात मात्र वेगळंच उजाडलं होतं. अरे, काय विराम घेतलाय हा! चौथ्या टेकला सहज बोलून टाकलं, आता बापाचं मरण तिथे टांगून ठेवलंय! एवढा वेळ थांबायची छाती त्यांनी अख्ख्या सांगलीत कुणाची पाहिली नव्हती. पुढचं नाव येणार याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. ते येताना कसं येतं, एवढंच बघायचं होतं. अभिमानानं त्यांचे डोळे भरून आले आणि ओठांवर कळत नकळत हसू आलं. रेटोनं बाईंकडे पाहिलं, मग या म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि वर आलेला हात तसाच राहू दिला.

"लिसा," बाई म्हणाल्या.

या वेळी त्यात सगळं होतं. विनायकरावांनी दात दातांवर घट्ट दाबून धरले. बाई पुढचं बोलत गेल्या, शेवटच्या शब्दापर्यंत, आणि त्या खिडकीकडे वळल्या तेव्हा समोरच्या इमारतीच्या कडेला नुसती लाल किनार उरली होती.

रेटो 'कट' म्हणायचं विसरला. मग त्यानं धावत जाऊन बाईंना मिठीच मारली. "तो विराम! उर्सिना, मला वाटलं, तू विसरलीस!"

"मला काय शिकाऊ समजतोस?" बाई म्हणाल्या.

सामान आवरून झालं. मालतीबाईंनी सगळ्यांना पोहे दिले. बाईंनी दोनदा मागून घेतले. निघताना विनायकराव त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेले. कॉरिडॉरमध्ये दोघंच होती. लिफ्टचं बटण दाबून बाई हळूच म्हणाल्या, "मी विसरले होते. खरोखर. डोक्यात काही नव्हतं, कोरी पाटी. संपलं सगळं, असंच वाटलं. मग तुमचा चेहरा बघितला. तुम्ही असे बघत होतात, जणू मी हे मुद्दामच करतेय. तुम्हाला इतकी खात्री होती, की मला गाय सापडली." लिफ्ट आली. त्यांनी वाकून विनायकरावांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. "रेटोला सांगू नका."

"कुणालाच नाही सांगणार," विनायकराव म्हणाले.

मालतीबाईंनी ऐकलं असतं तर त्या हसल्या असत्या. या माणसाच्या पोटात आजवर काही राहिलं नव्हतं.

पुढच्या वर्षी चित्रपट सिंगापूरच्या महोत्सवात लागला. उर्सिनाबाईंना तिकडे कसलासा मोठा पुरस्कार मिळाला होता, तरी त्या ऐंशीव्या वर्षी विमानानं आल्या. सगळं घर गेलं, निमिषसुद्धा. तो प्रसंग आला. बाई थांबल्या, आणि अख्खं थिएटर श्वास रोखून बसलं. मालतीबाईंनी नवऱ्याचा हात घट्ट धरला. नंतर प्रश्नोत्तरं झाली, आणि पहिलाच प्रश्न त्या विरामाबद्दल आला. रेटो माइक घेऊन बराच वेळ बोलला, शांततेचं महत्त्व, दिग्दर्शक आणि नटी यांच्यातला संवाद वगैरे. बाई शेजारी ताठ बसून ऐकत होत्या आणि त्यांची नजर प्रेक्षकांतून कुणाला तरी शोधत हळूहळू फिरत होती. ती विनायकरावांवर येऊन थांबली.

विनायकराव ओठ मिटून, छाती पुढे काढून बसले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते त्यांना कळतही नव्हतं.

"अहो," मालतीबाई कुजबुजल्या, "आज एकदाही तोंडातून काही निघालं नाही तुमच्या. बरं वाटत नाहीये का?"

"उत्तम वाटतंय," विनायकराव म्हणाले.