लेमन

नवनाथने पुण्याहून जुनी जीप आणली, तेव्हा आणे गावच्या वस्तीवर सगळ्यांनी तिला हात लावून पाहिला. रंग नवा, सीट नव्या. आळेफाट्यापर्यंत माणसं नेण्याचं त्याचं वडाप सुरू झालं. पण थोड्याच दिवसांत जीप चढाला धापा टाकू लागली, वळणावर एका बाजूला ओढू लागली. गेणभाऊ मिस्त्री तिच्याखाली शिरला आणि मान हलवतच बाहेर आला.

"चासी तुटल्याली हाय रं, गाडीचा सांगाडाच. वेल्डिंग मारून वर रंग फासलाय. घाटात घालू नको हिला."

धाकटी बहीण अमृता जुन्नरच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. करत होती. ती म्हणाली, "दादा, इंग्रजीत असल्या गाडीला लेमन म्हणत्यात. वरून चकाचक, आतून खराब."

"लेमन? लिंबू?" नवनाथ कडवट हसला. "मंग माझ्या डोळ्यात पिळलं म्हण की!"

त्याने जीप विकायला काढली. निरगुडसरचा हौशीराम बघायला आला. त्याला ती बघताक्षणी आवडली. सौदा ठरायच्या आधीच त्याने खिशातून लिंबू-मिरची काढली आणि बंपरला बांधू लागला. "बाळंतीण मंचरला हाय. ह्याच गाडीतनं घरी न्यायची तिला," तो खुशीत म्हणाला.

चहा घेऊन आलेल्या अमृताला ते लिंबू दिसलं. तिने कपबशी तशीच खाली ठेवली.

"भाऊ, घेऊ नका ही. हिची चासी तुटलीय."

हौशीरामने नवनाथकडे पाहिलं. नवनाथने मान खाली घातली. हौशीरामने लिंबू-मिरचीचा दोरा सोडला आणि चहा न घेताच गेला.

"ह्यासाठी शिकवली व्हय तुला?" नवनाथ एवढंच म्हणाला. त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही.

गोष्ट पसरली, गिऱ्हाईक फिरकेना. पावसाळा सरल्यावर त्याने जीप पुन्हा बाहेर काढली. माणसं मात्र त्याने पुन्हा कधी बसवली नाहीत, नुसत्या कांद्याच्या गोण्या न्यायचा. आण्याच्या घाटात एका वळणावर चासी मधूनच मोडली आणि जीप खाली गेली. आत तो एकटाच होता.

नवनाथ गेल्यावरच्या जलदानविधीला हौशीराम बायको आणि तान्ह्या लेकीला घेऊन आला. नवनाथच्या आईने, फुलाबाईने, ती पोर मांडीवर घेतली आणि कितीतरी वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग वर न बघता अमृताला म्हणाली, "पावण्यांना वाढ."

पंगत उठल्यावर अमृता आईजवळ जाऊन बसली.

"तू खरं तेच बोलली, बाई," फुलाबाई म्हणाली. "मला कळतंय ते. पर थोडं दिस माझ्या म्होरं येऊ नको."

अमृता उठली. मागच्या दाराला खरकटी भांडी पडली होती. ती घासायला बसली.