कमलबाईचा रक्तगट

आंबिलीचा डबा घेऊन कमलबाई गल्लीतल्या बेबीबाईच्या घरात थेट शिरली. करोनाची दुसरी लाट होती आणि बेबीबाईला तो झाला होता. हट्टा गावच्या त्या गल्लीत तिचं दार आलं की माणसं पलीकडच्या कडेनं जात. तिला नवरा नव्हता आणि पोरगा पुण्यात अडकलेला.

"दूर बस गं," बेबीबाई खोकत म्हणाली.

"मला न्हाई व्हत. माझं रक्त ओ गटाचं हाय. त्याला हा रोग लागत न्हाई."

हे तिनं कुणाच्या तरी मोबाइलवर ऐकलं होतं. लेकीचा, ज्योतीचा गट ओ. म्हणजे आपलाही तोच, असं ती धरून चालली होती. तिनं बेबीबाईला उठवून बसवलं, आंबील पाजली, घामेजलेली पाठ पुसून काढली.

घरी पोचते तो ज्योतीचा फोन. ती नांदेडला नर्स होती.

"आई, तू बेबीबाईच्या खोलीत जातेस म्हणे?"

"जाते की. आपला गट ओ हाय ना."

"माझा ओ. तुझा ए आहे. तुझ्या पिशवीच्या ऑपरेशनला रक्त मीच आणलं होतं. आणि ओवाल्यांनाही होतो, आई. जरा कमी होतो म्हणतात, तेही अजून नक्की नाही."

कमलबाई खाटेवर बसली.

"मंग तिला कोन पाहील?"

ज्योती एकेक सांगू लागली.

"मास्क नीट लाव. खिडकी उघडी ठेव, लांब बस. तिला दम लागला तर लगेच मला सांग."

फोन ठेवल्यावर अंगणातून नवऱ्यानं, जळबानं विचारलं, "काय म्हणून राहिली पोरगी?"

"जपा म्हणती."

"तुला काय भेव? तुझा तर ओ हाय."

"व्हय," त्याच्याकडं न बघता ती म्हणाली.

संध्याकाळी भाकरी थापता थापता तिचे हात मध्येच थांबत होते. तरी तिनं ताट वाढलं, नाकातोंडावर मास्क चढवला आणि निघाली.

बेबीबाई आपली आपण उठून बसली होती. तोंड धुतलेलं, केस विंचरलेले.

"ठेचा आणला का? आज तोंडाला चव आली बघ."

कमलबाईनं खिडकी सताड उघडली, ताट तिच्यापुढं ठेवलं आणि मागं सरून दाराशी टेकली.

"तितं काहून बसली? भेव वाटून राहिलं का?"

"लई," कमलबाई म्हणाली. "तू जेव."

ताट रिकामं होईस्तोवर ती तिथून हलली नाही.