बाराची चाचणी

माझा नवरा सव्वीस वर्षं एका बाईच्या आवाजावर जीव टाकून आहे, आणि तिचं तोंड त्यानं एकदाही पाहिलेलं नव्हतं. मी हे चर्चमध्ये सांगते तेव्हा बायका हसतात, कारण निम्म्या जणींच्या नवऱ्यांची तीच गत आहे.

ट्विला ओडेगार्ड तिचं नाव. आमच्या काउंटीच्या कोर्टाखाली तळघरात कंट्रोल रूम आहे, तिथे ती सकाळी सात ते दुपारी तीन बसायची. कुणाच्या गवताच्या गंजीला आग लागली, कुणाची गाय हायवेवर आली, कुणाच्या छातीत कळ आली, की फोन तिच्याकडे जायचा आणि ती रेडिओवरून गाडी पाठवायची. ते सगळं आमच्या फ्रिजवर ठेवलेल्या स्कॅनरमधून आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. दहा चॅनेलचा जुना डबा, लाल दिवे एकामागून एक पळतात आणि कुणी बोललं की तिथेच थांबतात. पोलीस, बंब, अँब्युलन्स, बर्फ काढणाऱ्या गाड्या, सगळे.

व्हर्लिन, म्हणजे माझा नवरा, एकतीस वर्षं गावोगाव टपाल वाटत होता. त्यामुळे ट्विलानं नुसता पत्ता म्हटला की हा घरातल्या माणसांची नावं, कुत्र्याचं नाव आणि दाराची बिजागरी कुठे कुरकुरते तेसुद्धा सांगतो. मग वहीत वेळ लिहितो. अँब्युलन्स कुणाकडे गेली ते कळलं की मी ओव्हनमध्ये बटाट्याचं भांडं ठेवते. घरची माणसं इस्पितळातून परत येईपर्यंत त्यांच्या पायरीवर गरम जेवण असतं. आमच्याकडे हे असंच चालतं, आणि तुला कसं कळलं असं कुणी विचारत नाही.

व्हर्लिनचा नियम मात्र एकच. ऐकायचं, जायचं नाही. जिथे काही घडलं तिथे गाडी काढून बघायला जाणाऱ्यांना तो गिधाडं म्हणतो.

रोज दुपारी बाराला ट्विला पेजरची चाचणी घ्यायची. बंबावर जाणारे लोक आपापल्या शेतात, दुकानात असतात, त्यांच्या कमरेचे पेजर वाजतात की नाही ते बघायला. दोन लांब सूर, मग तिचं एकच वाक्य, आणि शेवटी ती म्हणायची, "जेवून घ्या आता." हे ती कधीपासून म्हणायला लागली ते कुणाच्या लक्षात नाही. पण ते ऐकल्याशिवाय व्हर्लिन चमचा उचलत नसे. मी ताट वाढून दहा मिनिटं झाली तरी चालेल, त्या बाईनं परवानगी द्यायला हवी. यावरून आमची किती भांडणं झाली असतील.

गेल्या महिन्यात पेपरात आलं, ट्विला ओडेगार्ड शुक्रवारी निवृत्त होतेय. व्हर्लिननं पेपर घडी करून आपल्या वहीत ठेवला.

"जा आणि भेटून ये," मी म्हटलं. "तिनं तुझ्या बायकोचा जीव वाचवलाय. नऊ वर्षांत साधे आभार मानले नाहीस."

"जाईन."

"नऊ वर्षं हेच ऐकतेय. गाडीच्या नंबरपाट्या बदलायलासुद्धा कोर्टातल्या कचेरीत मलाच पाठवतोस. तुला काय तिथे कुणी तुरुंगात टाकणार आहे?"

तेव्हा त्यानं सांगितलं. मला ठाऊक होतं ते इतकंच, की नऊ वर्षांपूर्वी मी या फरशीवर कोसळले, माझं हृदय थांबलं, यानं फोन लावला आणि ट्विला फोनवरून सांगेल तसा माझ्या छातीवर दाब देत राहिला. मोठ्यानं मोजत. पुढचं त्यानं कधी सांगितलंच नव्हतं. फोन कानाशी धरून तो दाबत होता, ट्विलानं रेडिओवरून अँब्युलन्सला हाक दिली, आणि आपलाच कॉटनवुड रोडचा पत्ता फ्रिजवरून ऐकू आला. अँब्युलन्सनं काय उत्तर दिलं ते नीट कळेना. म्हणून तो मला सोडून उठला आणि स्कॅनरचा आवाज वाढवायला गेला.

"सवय गं," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "तू खाली पडलेलीस आणि मी बटण फिरवतोय. ती फोनवर ओरडली, अहो, तो रेडिओ राहू द्या, हात छातीवर ठेवा. सात सेकंद, आर्लिस. सात सेकंद मी तुला सोडून गेलो होतो. तिला ते माहीत आहे. कुठल्या तोंडानं जाऊ?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट या माणसानं नऊ वर्षं ते सात सेकंद खिशात घालून हिंडावं याचं फार वाईट वाटलं. मी त्याला म्हटलं, "मूर्ख आहेस," आणि त्याचा हात धरून बसले.

शुक्रवारी बाराला ट्विलानं शेवटची चाचणी घेतली. "जेवून घ्या आता." तिचा आवाज जराही हलला नाही. व्हर्लिननं ताट तसंच सरकवलं. मी सकाळीच आलुबुखाराचे कोलाचे भाजले होते. अडीचला ते गोल पाव डब्यात भरले, त्याचा कोट आणला आणि किल्ली त्याच्या हातात दिली.

"नियम आहे," तो म्हणाला.

"नियम आगीचा आहे. ती बाई काय पेटलीय?"

कोर्टामागच्या आवारात पोचलो तेव्हा तीनला पाच कमी होते. व्हर्लिननं हातातला छोटा स्कॅनर डॅशबोर्डवर ठेवला आणि काच खाली केली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, शेजारी आणखी चार पिकअप उभे होते. प्रत्येकात एकेक पिकल्या केसांचं डोकं, काच खाली, आणि सगळे समोर भिंतीकडे बघतायत, जणू बायकोला दुकानातून यायला उशीर झालाय. चारही गाड्यांतून तीच खरखर येत होती.

तीनला शेवटची हाक झाली. आमच्याकडे निवृत्त होणाऱ्याला असाच रेडिओवरून निरोप देतात. दुसऱ्या पाळीच्या माणसानं सगळ्या गाड्यांना ऐकायला सांगितलं, ट्विला ओडेगार्ड, सव्वीस वर्षं, आज पाळी संपली. मग एकेका गाडीनं आपला नंबर सांगून आभार मानले. बंब, पोलीस, बर्फाच्या गाड्यासुद्धा. शेवटी ट्विला म्हणाली, "ऐकलं सगळ्यांचं. मी निघते." व्हर्लिन तोंड फिरवून बसला. आपल्याकडे बोलायचं बटणच नाही याचं दुःख त्याला त्या दिवशी पहिल्यांदा झालं असावं.

दहा मिनिटांनी तळघराच्या पायऱ्यांवरून एक ठेंगणी बाई वर आली. हातात खोका, त्यात एक कुंडी. मी व्हर्लिनला कोपरानं ढोसलं. तो डबा घेऊन उतरला.

"मॅडम, मी जरा... हे तुमच्यासाठी. मी रोज ऐकतो तुमचं..."

ती थांबली. मान वाकडी करून त्याच्याकडे बघू लागली.

"एक, दोन, तीन म्हणा," ती म्हणाली.

"अं?"

"म्हणून तर बघा."

"एक," व्हर्लिन म्हणाला. "दोन. तीन. चार."

तिनं खोका आमच्या बॉनेटवर ठेवला. "फ्रिजवरचा रेडिओ," ती म्हणाली. "कॉटनवुड रोड."

व्हर्लिनचे कान लाल झाले. "सात सेकंद मी तिला..."

"चार. टेप असते आमच्याकडे. मी तीनदा ऐकलीय. चार सेकंद, आणि लगेच परत मोजायला लागलात." मग गाडीत बसलेल्या माझ्याकडे बघत तिनं हळूच विचारलं, "या त्याच?"

मी खाली उतरले. काय म्हणायचं ते ठरवून आले होते, पण तिनं माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि मी सगळं विसरले.

"आम्हाला पुढचं कुणी सांगत नाही हो," ती म्हणाली. "गाडी इस्पितळात पोचली की आमचं काम संपलं. मी महिनाभर पेपरातलं निधनाचं पान बघत होते. तुमचं नाव आलं नाही, तेव्हा कुठे बरं वाटलं."

व्हर्लिन खाली बघत उभा होता. त्याच्या लाजेपायी या बाईला महिनाभर ते पान वाचावं लागलं, हे त्याला तेव्हा कळलं. "मी सांगायला हवं होतं," तो म्हणाला. "आभार मानायला हवे होते. आज मानतो."

"पोचले," ट्विला म्हणाली. डबा उघडून तिनं एक पाव तिथेच खायला घेतला. "खरं सांगू? तोवर सतरा वर्षं मी तळघरात भिंतीशी बोलत होते. त्या दिवशी तुमच्या फोनमधून माझाच आवाज मला परत ऐकू आला, आणि मागे चुलीवर काहीतरी रटरटत होतं. तेव्हा कळलं, आपण लोकांच्या स्वयंपाकघरात असतो. दुसऱ्या दिवशी चाचणी संपवताना तोंडातून निघून गेलं, जेवून घ्या आता. तुमच्याच घरासाठी म्हटलं होतं. मग रोजच म्हणत राहिले."

परत येताना व्हर्लिन दर मैलाला माझा गुडघा थोपटत होता. घरी आल्यावर ती पहिल्यांदा तसं कधी म्हणाली ते बघायला त्यानं जुनी वही काढली. मी इस्पितळात होते त्या आठवड्याची पानं कोरी होती.

सोमवारी बाराला दोन सूर वाजले. नवा पोरगा होता, आवाज स्वच्छ, घाई फार. चाचणीचं वाक्य म्हटलं आणि बंद झाला. लाल दिवे पुन्हा पळायला लागले. व्हर्लिन चमचा ताटाशेजारी ठेवून फ्रिजकडे बघत बसला.

"जेवून घ्या आता," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "आवाज नाही जमला," तो म्हणाला, आणि जेवायला लागला.