घंटेला घाबरणारा बंब

मी एक जुना आगीचा बंब आहे. हसू नका मित्रांनो, पण मला घंटेची भीती वाटते. ती वाजली की माझी चाकं लटपटतात.

बत्तीस वर्षांपूर्वी मी या अग्निशमन केंद्रात आलो, तेव्हा माझी काय ऐट होती! लोक झटकन रस्ता देत, मुलं टाळ्या वाजवत. माझे चालक, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते रोज सकाळी पंप चालवून त्याला कान लावत. पण वय कुणाला चुकलंय? टाकी गळू लागली, ब्रेक उशिरा लागू लागले. माझी दुरुस्ती करणाऱ्या फिटरताईंनी केंद्राच्या साहेबांना स्पष्ट लिहून दिलं, की याला आता आगीवर पाठवू नका. नवा बंब मंजूर झाला. त्याच्यासाठी माझ्या शेजारची जागाही आखून ठेवली. मला वाईट वाटलं, पण खरं सांगू? सुटलो बुवा, असंही वाटलं.

तेवढ्यात आमच्या शहरातली मोठी बँक डबघाईला आली. बड्या लोकांना डोळे मिटून कर्जं दिली होती, ती त्यांनी बुडवली. दाराशी रांगा लागल्या. मामाही रांगेत होते. त्यांची लेक शिवणाच्या कारखान्यात कामाला आहे. तिला स्वतःचं दुकान काढून द्यायला त्यांनी पैसे साठवले होते. मग सरकारने बँकेत पैसे ओतले, बँक वाचली आणि मामांचा जीव भांड्यात पडला.

महिन्याभराने पत्र आलं. निधी बँकेकडे वळवल्यामुळे नवा बंब रद्द.

"बुडवलं त्यांनी आणि भरायचं आपण?" फिटरताई संतापल्या.

"असू दे गं, माझे पैसे तर वाचले," मामा म्हणाले.

"कसले वाचले, मामा? तुमच्याच या खिशातून काढून त्या खिशात घातले. मधल्या मध्ये बंब गेला!"

साहेबांनी तोड काढली. नवा नाही तर नाही, निदान नव्यासारखा दिसू दे. रंगाऱ्याने मला वरपासून खालपर्यंत लाल करून टाकलं. पाइप फिरवून बसवतात ते आटेसुद्धा त्याने रंगवले. मी इतका चकाकत होतो, की कुणी पाइप लावून बघितलाच नाही.

आठव्या दिवशी भरदुपारी घंटा झाली. शिवणाचा कारखाना! मामांनी मला सुसाट पळवलं. पोचलो, तर पाइप बसेना. आट्यांत रंग वाळून दगड झाला होता. मामा चाकूने खरवडत होते आणि वरच्या खिडकीतून लेक ओरडत होती, "बाबा, पाणी मारा ना!" माझ्या पोटात पाणी होतं हो, पण ते देता येत नव्हतं! इतका मी कधीच घाबरलो नव्हतो.

शेवटी रंग निघाला, पाइप बसला, ती जगली. दुकानाचे पैसेही बँकेत सुखरूप आहेत. पण तिच्या भाजलेल्या बोटांना आता सुई धरता येत नाही.

मित्रांनो, बँक वाचवू नका असं मी म्हणत नाही. तिच्यात मामांसारख्यांचेच पैसे होते. पण एवढं विचारत जा, की हे पैसे कुठून काढले, आणि बुडवणाऱ्यांकडून परत कधी घेणार?

माझ्या शेजारची आखलेली जागा अजून रिकामी आहे. मामा रोज सकाळी आधी आट्यांवर पाइप फिरवून बघतात, मग पंपाला कान लावतात. ब्रेक मात्र तसेच आहेत.

थांबा. घंटा वाजतेय. देवा, आज कुणाची लेक आहे खिडकीत?