कवटी आणि कवळी

कवळी नाचली, बाबा बोलले, स्पीकर घरातून हलले नाहीत आणि ती जिंकली.

हे झालेलं नाही. असं काहीएक झालेलं नाही असं धरून चालू. सकाळ आहे, आणि कवळी अजून तिच्या चिमटीत आहे — वरची, गुलाबी, ओली — पॉलिशच्या चाकाखालून नुकतीच निघाल्यामुळे, एखाद्या समारंभात चुकून पहिल्या रांगेत बसवलेल्या माणसासारखी हसते आहे. इतकं हसणं बरं नाही, तिला वाटतं. ही ज्या तोंडात जायची आहे ते तोंड गेले कित्येक महिने फक्त जेवायला आणि जांभईला उघडतं. बाबांना ऐकू येईनासं झालं, आणि ऐकू येत नाही तर बोलायचं तरी कशाला, असा हिशेब करून त्यांनी बोलणंही मिटवून टाकलं. श्रवणयंत्र आणलं होतं. ते दोन दिवस लावून त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि म्हणाले, "यातून सगळं जग कुणीतरी कागद चुरगाळतंय असं ऐकू येतं." ते त्यांचं शेवटचं पूर्ण वाक्य. त्यानंतर मान हलवणं, तेही क्वचित… तिने कवळी उजेडात धरली. सुळ्याला किंचित वाकडेपणा मुद्दाम ठेवला होता, बाबांचा खरा सुळा तसाच होता म्हणून. बाबांच्या लक्षात येईल? आलं तर सांगतील?

तरुणपणी, कर्कश धडधडती गाणी ऐकणाऱ्या मित्रांच्या टोळीत तिला कवटी म्हणत. पाठीवर कवटी शिवलेलं काळं जाकीट ती उन्हाळ्यातही घालायची, घामाने आतून भिजायची, पण काढायची नाही. कवटीला घाम येत नाही असं तिचं मत होतं. आता ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करते. एका 'ट'चा 'ळ' व्हायला वीस वर्षं गेली. पण या दोन शब्दांची गाठ त्याच्याही आधी एकदा पडली होती, घरच्या फोनवर — टोळीतल्या ड्रमरने फोन केला आणि आपल्या नेहमीच्या, ढोल फाटेल अशा आवाजात विचारलं, "कवटी आहे का?" फोन बाबांनी उचललेला. मग बाबा, अपमान गिळून, अत्यंत सभ्यपणे: "कवळी नाही. माझे सगळे दात शाबूत आहेत." आणि फोन ठेवून दिला. पुढे टोळीत कुणी कुणाला हजर आहेस का विचारलं की उत्तर ठरलेलं: दात शाबूत आहेत.

शेजारच्या टेबलावर मेणवाली मेणात दात रोवत बसली होती. लॅबमध्ये तिचं तेच काम, आणि बोलणं हे जोडकाम.

"म्हणजे आज देऊन टाकतेस? ते स्पीकरचे कपाटाएवढे डबे?"

"हो. ड्रमर येणार आहे संध्याकाळी न्यायला."

"मग तू ऐकणार कशावर?"

तिने कानातल्या बिनतारी इयरफोनची एक गोळी काढून मेणवालीच्या कानात घातली. मेणवालीने डोळे मिटले, भुवया वर नेल्या, खाली आणल्या, आणि बराच वेळ वाट पाहिली.

"सुरू नाही झालं."

"झालंय."

"एक बाई दार उघडू की नको असा विचार करत उभी आहे… असं काहीतरी वाटतंय."

"तेच गाणं."

"उघडते का शेवटी?"

"नाही."

मेणवालीने गोळी परत केली, डॉक्टरने रिपोर्ट परत करावा तशी. "वय झालं तुझं," ती म्हणाली, आणि एक दाढ रोवली.

वय नव्हे. वय असतं तर सोपं होतं. चाकावर दुसऱ्या कुणाची तरी खालची कवळी धरून ती मनात एक खटला चालवत राहिली, ज्यात आरोपी तीच होती आणि न्यायाधीश म्हणून संपूर्ण टोळी काळ्या जाकिटात बसलेली. टोळीत गोड गाणं आवडणाऱ्याला 'साखऱ्या' म्हणत. त्याहून मोठी शिवी त्यांच्याकडे नव्हती. चोरी माफ होती, बासरी नव्हती. मग ही पाठीवर कवटी वागवलेली बाई साखरी झाली कशी?… महाशय, मी कुठेही वळले नाही. मी सरळ चालत आले. आधी वेगवान गाणी आवडायची, मग त्याहून वेगवान, मग इतकी वेगवान की ड्रमरच्या पोटऱ्यांना पेटके यायचे, आणि त्याच्या पलीकडे जायला वाट उरली नाही तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळूनच संथ, जड बँड ऐकायला घेतले — आठवतंय ना? — एक सूर लागला की भात शिजून व्हायचा तरी तो लागलेलाच. त्याला तुम्ही माना डोलावल्या होत्या. मग मी अजून संथ ऐकलं, मग त्यातून ड्रम गळाले, मग गिटारची घरघर गळाली, आणि एके दिवशी पाहते तर एक बाई आणि एक तार एवढंच उरलेलं. एकेक पायरी तुमच्याच जिन्याची आहे. फक्त तळमजल्यावर पोचल्यावर तुम्ही मला ओळखत नाही…

न्यायाधीशांपैकी निम्म्यांनी लग्नानंतर जाकिटं कारच्या काचा पुसायला घेतली होती, पण ते मुद्द्याला सोडून झालं. मुद्दा हा, की स्पीकर गेले की कवटीही गेली. तिच्या जागी कानात गोळ्या घातलेली एक बाई उरेल, दार न उघडणाऱ्या दुसऱ्या बाईचं गाणं ऐकत. आणि घरात एक गप्प माणूस. दोघंही आपापल्या शांततेत, एकमेकांना धक्का न लावता, अगदी शहाण्यासारखे.

शांतता हा तर बाबांचा धंदा होता. ते ग्रंथालयाच्या वाचनकक्षाचे प्रमुख होते, आयुष्यभर त्यांनी उभा तळहात दाखवून एकच शब्द म्हटला — "शांतता!" — आणि त्यासाठी पगार घेतला. घरी मात्र भिंतीपलीकडे कवटी. ते ओरडायचे नाहीत, तत्त्वात बसत नव्हतं. लाकडी पट्टीने भिंतीवर तीनदा ठोकायचे, आणि तेवढ्याने भागलं नाही तर दाराखालून चिठ्ठी सरकायची, वाचनकक्षाच्या भाषेत: 'विषय: आवाज. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, पलीकडील खोलीत कोणीतरी जिवंत माणसाला करवतीने कापत असल्याचा भास होत आहे. सबब, कापणे सौम्य करण्यात यावे.' तीही उलट चिठ्ठी सरकवायची: 'विनंती विचाराधीन आहे.' विचाराधीनच राहिली ती, पुरती दहा वर्षं. आता आठवलं की वाटतं, त्या दहा वर्षांत दोघं जितकं बोलले तितकं नंतर कधी बोललेच नाहीत.

घरी ती पोचली तेव्हा बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीत होते, डाव्या स्पीकरला टेकून. तो स्पीकर कित्येक वर्षं त्यांचं टेबलच झाला होता. त्यावर चष्मा, पाण्याचा काचेचा वाडगा, वाचून झालेलं वर्तमानपत्र. तिने कवळी पुढे केली. बाबांनी ती तोंडात बसवली, दात दोनदा मिटले, जीभ सुळ्यावरून फिरवली — तिथे थांबली जीभ, नक्की थांबली — तिच्याकडे पाहिलं. आता बोलतील.

बाबांनी कवळी काढली, वाडग्यात टाकली आणि वाडगा स्पीकरवर ठेवला.

ठीक. ड्रमर यायला अवकाश होता. स्पीकर द्यायचे तर चालू स्थितीत द्यावेत, एवढ्याच सचोटीने तिने तारा जोडल्या, जुन्या तबकड्यांतून हाताला लागली ती काढली — तीच नेमकी, करवतीची — आणि सुई टेकवली. आवाज वाढवला, बाबांना त्रास व्हायचा प्रश्नच नव्हता. ड्रम आले, धाडधाड. तिने तपासनीसाच्या कोरडेपणाने ऐकलं: डावा चालू, उजवा चालू. पोटात काहीही हललं नाही.

हललं ते वाडग्यात. पाण्यावर आधी बारीक वर्तुळं उठली, मग कवळी थरथरली, काचेला टेकली, आणि एकदम टकटकटकटक वाजायला लागली — दोन्ही पायांनी वाजणाऱ्या ड्रमबरोबर, एक ठोका न चुकवता. टोळीतला ड्रमर हयातभर इतका तालात राहिला नव्हता. बाबांनी सांडेल म्हणून हात पुढे केला. वाडगा उचलून मांडीवर घेतला. मग रिकामा तळहात, पट्टी धरायचा तो, सहज खाली स्पीकरच्या लाकडावर टेकला.

आणि तिथेच राहिला.

तिने पाहिलं की बाबांचा चेहरा ओळखीचं कुणीतरी दारात आल्यासारखा झाला. त्यांनी वाडगा जमिनीवर ठेवला. दुसराही तळहात टेकवला. पाठ टेकवली. कानांचा डॉक्टर म्हणाला होता, वरचे सूर आधी जातात, खालचे शेवटपर्यंत साथ देतात. तिने ते तेव्हा ऐकलं होतं, पण त्याचा अर्थ आज, इथे, बाबांची मान हलायला लागली तेव्हा समजला. मान ठोक्यावर नव्हती हलत. दर दुसऱ्या ठोक्यावर हलत होती, सावकाश, जडपणे, जसं जाणकार हलवतात तशी. हे कुणी शिकवत नाही. दहा वर्षं भिंतीला कान लागलेले असले तरच येतं.

गाणं संपलं. बाबांनी तोंड उघडलं, वरच्या दातांविना, मोठं, आणि बोलले:

"हे कुठे होतं इतकी वर्षं?"

"भिंतीपलीकडे," ती म्हणाली. त्यांना ऐकू गेलं नाही. तिला शिंक येणार असल्यासारखं झालं आणि ती आली नाही; डोळ्यांतून दुसरंच काहीतरी आलं.

"पुन्हा लाव," बाबा म्हणाले.

तिने पुन्हा लावलं. आणि आवाज वाढवला — आयुष्यात पहिल्यांदा, परवानगीने. खिडकीची काच वाजली, फुलदाणी सरकली, बाबांचे उरलेसुरले केस उभे राहिले, आणि ती खोलीच्या मधोमध उभी राहून हसत सुटली, कारण सगळे न्यायाधीश उठून उभे राहिले होते आणि समोरच्या खुर्चीत जगातला सर्वात म्हातारा नवखा चाहता बसला होता, वाचनकक्ष प्रमुख, निवृत्त. तिला ते संगीत आवडत होतं असं नव्हे. अजूनही नाही. पण बाबांना आवडताना पाहणं तिला इतकं आवडत होतं की फरक सांगणं कठीण होतं.

उत्साहाच्या भरात तिने चूक केली. तिने त्यांना आपलंही ऐकवायचं ठरवलं. तबकडी काढून फोन जोडला आणि दार न उघडणारी बाई लावली, त्याच आवाजात. तार छेडली गेली. बाई गुणगुणली. तिच्या अंगावर काटा आला.

बाबांनी तळहात उचलले, पुन्हा टेकवले, स्पीकरवर एक चापट मारली.

"बंद पडलं."

"चालू आहे, बाबा."

"बंद पडलं," ते म्हणाले, आणि इतक्या काळजीने तिच्याकडे पाहिलं की तिने मुकाट्याने करवत परत लावली.

ड्रमर आला तेव्हा दार उघडंच होतं. घंटा ऐकू जाण्याचा प्रश्न नव्हता. खांद्यावर दोरखंड, पोट बरंच पुढे, हल्ली तो विमा विकतो. त्याने खोलीकडे पाहिलं, वाजणाऱ्या काचेकडे पाहिलं, आणि तोंड उघडून काहीतरी म्हणणार तोच बाबांनी उभा तळहात दाखवला.

"शांतता!"

ड्रमर शांत झाला. सवयीने तीही झाली. गाणं तेवढं चालू राहिलं. ते संपल्यावर ड्रमर तिच्या कानाशी येऊन कुजबुजला, "म्हणजे… देत नाहीस?"

"नेऊन काय ऐकणार होतास?"

"खरं सांगू? मी हल्ली फक्त हवामान ऐकतो." तो खाली बघत म्हणाला. "बायको म्हणाली, कुंड्या ठेवायला बरे पडतील."

"साखऱ्या," ती म्हणाली.

"तू कोण मग?"

हा प्रश्न त्याने थट्टेत विचारला होता, पण तो सकाळपासून त्या घरात, लॅबमध्ये, चाकावर फिरतच होता, त्यामुळे कुणीच हसलं नाही. ड्रमर बाबांकडे वळला. इतक्या वर्षांनी, एक हिशेब राहिल्यासारखा, तो खाली वाकून जुन्या आवाजात गरजला:

"काका! कवटी आहे का?"

बाबांनी त्याच्या ओठांकडे बारकाईने पाहिलं. मग वाडग्याकडे पाहिलं, जिथे सुळा किंचित वाकडा होता. मग तिच्याकडे पाहिलं.

"आहे," ते म्हणाले.

काय आहे, कोण आहे, ते त्यांनी स्पष्ट केलं नाही. त्यांनी तळहात लाकडावर टेकवले आणि वाट पाहू लागले. तिने सुई उचलली. सुई टेकण्याआधीच्या त्या एवढ्याशा पोकळीत, जिथे बाबांना काहीही ऐकू येत नव्हतं, तिला ती बाई गुणगुणताना स्पष्ट ऐकू आली — दार किंचित उघडलेलं होतं बहुतेक — आणि ठोके सुरू झाल्यावरही ती गेली नाही, खाली कुठेतरी चालूच राहिली. मान दर दुसऱ्या ठोक्यावर हलवत ती मनात शब्द जुळवू लागली, वाचनकक्षाच्या भाषेत, दार कोणतं ते माहीत नसताना दाराखालून सरकवायला:

विषय: कान. उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, अर्जदारास जे ऐकू येते ते वडिलांस येत नाही, व वडिलांस जे नव्याने आवडू लागले आहे ते अर्जदाराचे आवडून झाले आहे. सबब, अर्जदाराचा उजवा कान वडिलांस व वडिलांचा डावा कान अर्जदारास, तात्पुरत्या स्वरूपात, दररोज संध्याकाळी एका गाण्यापुरता बदलून मिळावा. दोन्हींकडील दात, नवे व जुने, शाबूत आहेत. कळावे. आपली विश्वासू, कवटी.