जुन्या फक्कीची रेघ

दोनशे मीटरला संचिता सगळ्यांच्या पुढे होती आणि वळण संपता संपता मध्येच थांबली. दोन्ही पाय जुळवून, मान खाली घालून. मागच्या मुली तिच्या बाजूने निघून गेल्या.

"अगं, पळ ना!" सुधीर सर ओरडले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मामा, ऑटिझम असलेल्या मुलीला टीममध्ये घ्यायला मी प्राचार्यांशी भांडलोय. चार वाजता परत पळवतो. तेव्हाही थांबली, तर युनिव्हर्सिटीच्या यादीत नाव जाणार नाही."

कल्याणच्या या कॉलेजात मैदान आखायचं काम एकवीस वर्षं माझ्याकडे आहे. पोरी दमून थांबतात, पडून थांबतात. ही दमलेली नव्हती. मग थांबली कशाला? मी त्या जागी जाऊन उकिडवा बसलो. मातीत फिकट पांढरं दिसलं. गेल्या आठवड्यात कबड्डीसाठी मीच मारलेली फक्की. आम्ही जुनी रेघ कधी पुसत नाही, वरून नवी मारतो.

संचिता पाणी पीत होती.

"काय गं, तिथे का थांबलीस?"

"रेघ आहे," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "सर म्हणालेले, रेघ आली की थांबायचं."

"बाकीच्या नाही थांबल्या."

"त्यांनी ऐकलं नाही."

मला हसू आलं. पन्नाशीत मी मुळाक्षरं शिकलो, तेव्हा फळ्यावर कालचं अर्धवट पुसलेलं असलं की मलाही आजचं वाचता यायचं नाही.

झाडू मारला, पाणी ओतलं, रेघ घालवली. मग शंका आली. शेवटच्या रेघेवरही ही असाच ब्रेक मारणार आणि तिथेच हरणार. म्हणून त्या शेवटच्या रेघेपुढे दहा पावलांवर आणखी एक रेघ मारली.

"मामा, हे नियमात नाही," सर म्हणाले.

"करू नका असं कुठे लिहिलंय?"



संचिताला दोन्ही रेघा दाखवल्या. "ही ओलांडायची. थांबायचं त्या पुढच्या रेघेवर."

"मग आधी तसं सांगायचं ना."

चारला ती सुसाट पळाली. पहिली आली आणि पुढच्या रेघेला बोटं टेकवून उभी राहिली. सरांनी नाव लिहिलं.

"पण युनिव्हर्सिटीच्या मैदानावर कोण झाडणार, मामा?"

"तिथल्या मैदान आखणाऱ्याला चिठ्ठी पाठवू."

"सांगा, लिहितो."

"नको, मीच लिहितो."

कागद मांडीवर घेतला, तेवढ्यात पुढच्या रेघेपासून संचिताची हाक आली, "मामा, ही रेघ वाकडी आहे!"

जाऊन बघितली. वाकडीच होती.