सहा आठवड्यांची जखम

चटका दोघींना एकाच वेळी बसला. रेत्नोनं चुलीवरचं मेणाचं पातेलं रागारागानं ओढलं आणि तापलेलं मेण तिच्या नि तिच्या आईच्या, तुमिनाच्या, मनगटावर सांडलं. लेकीची जखम पंधरा दिवसांत भरली. तुमिनाची सहा आठवडे झाले तरी ओलीच.

जावा बेटावरच्या लासेममध्ये तापल्या मेणानं कापडावर बाटिकची नक्षी काढणाऱ्या बाईला चटक्यांचं कौतुक नसतं. तुमिनाचे दोन्ही हात जुन्या डागांनी भरलेले. पण हीच जखम हटून बसली. जखमेला अंडं-मासळी वाईट, म्हणून तिनं दोन्ही सोडली, तरी गुण नाही. त्यात शेजारच्या सुकिनानं काडी टाकली, "मनात राग धरला की जखम मिटत नाही, बाई!"

ते नेमकं रेत्नोनं ऐकलं. तिनं कालिमंतानचा मुलगा पसंत केला होता, लग्नानंतर समुद्रापलीकडे जाणार होती. त्यावरून मायलेकींची खडाजंगी चालली असतानाच ते पातेलं कलंडलं होतं. आता पोर आईच्या मनगटाकडे बघायची आणि मान खाली घालायची. तुमिना मनगट झाकून घ्यायची. तिला भीती वाटायची. सुकिनाचं खरं असलं तर?

शेवटी रेत्नोच तिला दवाखान्यात सगळीच दुखणी बघणाऱ्या सुईणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी रक्तातली साखर तपासली. ती ठीक निघाली.

"पाळी कधी गेली?" बाईंनी विचारलं.

"झाली दोन वर्षं." लेकीसमोर बोलताना तुमिना संकोचली.

"मग बरोबर आहे. पाळी गेली की अंगातलं इस्ट्रोजेन उतरतं. कातडी भरून यायला त्याची मोठी मदत असते. लेकीला आहे, तुम्हाला नाही. वेळ लागणारच. खाता काय?"

"भात, पालेभाजी. अंडं-मासळी बंद."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, मग नवी कातडी काय हवेतून येणार?"

घरी आल्याआल्या रेत्नोनं अंडं उकडलं, सोलून आईपुढं ठेवलं. सहा आठवड्यांत पहिल्यांदा तिचा चेहरा मोकळा दिसत होता.

"म्हणजे तू रागावली नव्हतीस ना, इबू?" तिनं आईला विचारलं.

नाही म्हणणं सोपं होतं. तुमिनानं अंड्याचे दोन भाग केले आणि एक लेकीच्या हातावर ठेवला.

"रागावले होते. अजूनही आहे. पण ओसरेल गं. माझ्या वयाला वेळ लागतो, एवढंच."